नायट्रस किट : मनात किती धरले होते, खिशातून किती गेले?

गेल्या रविवारी भाचा घरी आला आणि चप्पल काढता काढताच म्हणाला, "मामा, नायट्रसचं किट ४० हजारांत बसेल ना आपल्या स्विफ्टला?" हा आकडा कुठून काढलास म्हटलं, तर म्हणे अंदाज. मला हसू आलं. २००६ साली माझाही असाच हवेतला अंदाज होता, फक्त तो १५ हजारांचा होता. नवी कोरी नसली तरी माझी स्वतःची फोर्ड आयकॉन १.६ होती. शनिवारी दुपारी ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्ट्सच्या दुकानांतून फिरत होतो. चौथ्या दुकानातल्या काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून निळा स्टिकर काढला. "हे आहे, ८० रुपये. बाकीचं अमेरिकेत मिळतं." मी स्टिकर घेतला. माझा अनुभव एवढाच, म्हणून तुमचे मागतो आहे.

नवख्यांसाठी थोडक्यात: नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. इंजिनात साधारण ३०० अंशांना त्याचं विघटन होतं आणि ऑक्सिजन सुटतो. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन, यात ३६. ऑक्सिजन जास्त म्हणजे पेट्रोलही जास्त जाळता येतं. त्यात बाटलीतल्या द्रव नायट्रसची वाफ होताना आत जाणारी हवा गार, म्हणजे आणखी दाट होते. सगळी करामत तेवढीच.

लिहिताना साल, गाडी, मनातला आकडा आणि खरा आकडा लिहा. गॅरेज किंवा दुकानाचं नाव नको, उगाच भांडणं होतात.

मुलुंडकर

२००८. होंडा सिटी. मनात ३० हजार. न्यू जर्सीच्या मावसभावाने ६५० डॉलरला वेट किट (गॅसबरोबर पेट्रोलही सोडणारं) घेतलं, तेव्हाच्या भावाने २८ हजार. म्हणजे अंदाज बरोबर आला असं वाटून मी दोन दिवस हवेत होतो. भाऊ दिवाळीला येताना १० पौंडांची रिकामी बाटली बॅगेत घालून घेऊन आला, विमानतळावर अर्धा तास ती काय आहे हे समजावत बसला. बसवायची मजुरी ९ हजार, थंड प्लग आणि सटरफटर धरून ४.

मग बाटली भरायला गेलो. गॅसवाल्याने उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "पेसोचा शिक्का कुठाय?" पेसो म्हणजे सिलिंडरना मंजुरी देणारं नागपूरचं सरकारी कार्यालय. त्याची मंजुरी नसलेला बाहेरचा सिलिंडर इथे कोणी कायदेशीरपणे भरून देत नाही, हे मला तिथे कळलं. दुसरीकडे गेलो, तिसरीकडे गेलो. सगळीकडे तेच. एकूण खर्च ४१ हजार, गॅस शून्य ग्रॅम. सिटी २०१३ ला विकली. बाटली माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराशेजारी. दरवर्षी मखर काढताना बायको विचारते, ही कधी जाणार?

कुर्ल्याचा मिस्त्री

टाइप मुलगी करतेय, मी बोलतोय. मला रोज एक पोरगा किटचा भाव विचारतो. इंजिनचा भाव कोणी विचारत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं आहे हे प्रकरण.

वेट किटमध्ये गॅस आणि पेट्रोल दोन्ही नोझलमधून जातं. दोघांना वेगवेगळा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह. पेट्रोलचा अडकला आणि गॅसचा चालू राहिला की पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होतं, आत भट्टी पेटते, पिस्टनला भोक. ड्राय किटमध्ये नुसता गॅस जातो, वाढीव पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरने द्यायचं. इंजेक्टरला, पंपाला ते झेपलं नाही तर पुन्हा तेच. २०११ मध्ये एक लान्सर टो करून आली. तीन नंबरचा पिस्टन मेणबत्तीसारखा. मालक म्हणाला, फक्त दोनदा बटण दाबलं. सीएसटी रोडवरून जुनं इंजिन आणलं, ४५ हजार, मजुरी वेगळी. किट त्याने ५५ ला घेतलं होतं.

स्टॉक इंजिनला ३५ चा शॉट, म्हणजे ३५ हॉर्सपॉवरची वाढ, पुरे. दर ५० च्या शॉटला ठिणगीचं टायमिंग दोन डिग्री मागे घ्या. अर्ध्या थ्रॉटलवर आणि खालच्या आरपीएमला बटण दाबायचं नाही, तीन हजारच्या वर, पाय पूर्ण खाली असेल तेव्हाच. आणि किटला जेवढे मोजलेत तेवढेच पुन्हा बाजूला ठेवा. नसतील ठेवायला तर किट घेऊ नका, मी उधारीवर काम करत नाही.

अँबी व्हॅलीत धावलेला

बसवून, भरून, धावून दाखवलेला इथे बहुतेक मीच. म्हणून जरा सविस्तर.

२०१५. जुनी होंडा सिटी व्हीटेक, १०६ बीएचपीवाली. मनात ६० हजार. किट ७०० डॉलर म्हणजे ४५ हजार, वाहतूक ११, कस्टमने २३ कापले. तिथेच ७९ झाले आणि अजून बाटली डिकीत बसायची होती. पेट्रोल पंप बदलला ८ हजार, प्लग ३, मॅपिंग (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग) १५. बेरीज १ लाख ५ हजार. पेट्रोल स्पीड ९७ टाकायचो, ते धरलेलं नाही. गॅस कुठून भरला ते इथे लिहिणार नाही, तुम्हीही विचारू नका.

लोणावळ्याजवळच्या त्या धावपट्टीवर ४०२ मीटरला गॅसशिवाय १६.९ सेकंद, ३५ च्या शॉटवर १५.५. म्हणजे १.४ सेकंदांना १ लाख ५ हजार, सेकंदाला ७५ हजार. सीए असलेल्या मित्राने हा हिशेब हॉटेलात टिश्यू पेपरवर करून दिला आणि तेव्हापासून मला गाडीबद्दल काही विचारत नाही.

किटच्या खोक्यात कोणी सांगत नाही ती गोष्ट अशी की बाटली संपते. ३५ च्या शॉटला १० सेकंदांत साधारण १६० ग्रॅम गॅस जातो. ४.५ किलोच्या बाटलीत कागदावर दहा-दहा सेकंदांच्या अठ्ठावीसेक धावा बसतात. प्रत्यक्षात दाब उतरत जातो, चौदा-पंधरानंतर गाडी नुसती फुसफुसते. दाब ९०० ते ९५० पीएसआय हवा. त्यासाठी अमेरिकेतली माणसं बाटली तापवायचा हीटर विकत घेतात, दोनेकशे डॉलरला. मीही मागवणार होतो. मिस्त्री म्हणाला, साहेब, मे महिन्यात मुंबईत बाटली तापवायला हीटर? ओला पंचा आणा. आणि खरंच, सगळा सीझन मी पंचा गुंडाळत होतो.

दुसऱ्यांदा करशील का? हो. पण गाडी रस्त्यावर आणताना बाटली काढून ठेवेन.

दादरची भूलवाली डॉक्टर

गाड्यांतलं मला काही कळत नाही, नवरा वाचत होता म्हणून आले. पण हा वायू रोज हाताळते. निळा सिलिंडर. दोन वर्षांपूर्वी सोसायटीतला एक मुलगा जिन्यात गाठून म्हणाला, मॅडम, तुमच्या हॉस्पिटलमधून एक सिलिंडर मिळेल का, पैसे देतो. मी त्याच्या आईला सांगितलं. आपल्याकडे हा वायू औषध म्हणून विकला जातो, त्याची नोंद राहते. परदेशात गाड्यांसाठी मिळणाऱ्या वायूत मुद्दाम थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात, कोणी हुंगू नये म्हणून.

वर दाबाचं लिहिलंय त्यावर एक. आत द्रव शिल्लक असेतो आणि तापमान तेच असेतो गेज जवळपास तोच आकडा दाखवतो. गेज खाली आला म्हणजे द्रव संपला. किती उरलंय हे कळायला सिलिंडर वजन करावा लागतो, आम्ही तेच करतो. आणि ३६.४ अंशांच्या वर हा वायू द्रव राहूच शकत नाही, दाब भराभर चढतो. उन्हात लावलेल्या बंद गाडीत केवढी उष्णता असते हे मी तुम्हाला सांगायला नको. पंचेवाल्या दादांनी बाटली काढून ठेवायचं म्हटलंय ते मला सर्वांत पटलं.

डोंबिवलीकर

मनात २०, दिले १८. वापरलेलं किट, पालिओ १.६ साठी. खोकं उघडलं तर जेट (गॅस आणि पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकांचे तुकडे) गायब, दोन्ही. विकणाऱ्याचा फोन बंद. जेट मागवायचे राहिले ते राहिलेच. भावाने त्याच सुमारास २,५०० ची नुसती शोची बाटली घेऊन पारदर्शक डिकीत लावली, आत निळे लाइट. कॉलेजात त्याचा जास्त भाव होता.

ठाणेकरीण

२०१६. पोलो जीटी टीएसआय. नायट्रससाठी मनात ७० होते. वर्कशॉपवाल्याने सरळ सांगितलं, ताई, टर्बो गाडी आहे, रीमॅप करा. २८ हजार. संध्याकाळी चार वाजता गाडी दिली, साडेसहाला घोडबंदर रोडला होते. बाटली नाही, भरणं नाही, माळा नाही. (मुलुंडकर, माफ करा.) बटण दाबायची मजा नाही हे मान्य.

पनवेलकर

माझा आकडा किटचा नाही, नाकाबंदीचा आहे. २०२१, पाम बीच रोड, रात्री साडेअकरा. हवालदारसाहेबांनी डिकी उघडायला लावली. बाटली बघून म्हणाले, "सीएनजी? टेस्टिंगची प्लेट दाखव." मी म्हटलं, सीएनजी नाही साहेब. ही चूक झाली. मग काय आहे, हे सांगता सांगता साडेबारा. गाडीत परवानगीशिवाय केलेल्या बदलाला २०१९ नंतर प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड आहे, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्यांनी बाटली, एक्झॉस्ट आणि काचा असे तीन बदल मोजले. १५ हजार. विमा कंपनीला हे कळलं तर अपघाताचा दावा विसरा, हे एजंटने नंतर सांगितलं. पॉलिसी विकताना नव्हतं सांगितलं.

धागाकर्ता

भाच्याला सगळं वाचायला दिलं. मिस्त्रींचं वाचून गप्प झाला, पंच्याचं वाचून हसला, डॉक्टरांचं दोनदा वाचलं. आता विचारतोय, नुसती बाटली केवढ्याला पडेल? मुलुंडकर, माळ्यावरची द्यायची आहे का? तो ३ हजार म्हणतोय.

मुलुंडकर

७. आत एक ग्रॅमही गेलेला नाही, शोरूम कंडिशन.

धागाकर्ता

४, आणि मखर काढायला तो स्वतः येईल.

मुलुंडकर

बायको म्हणते फुकट घेऊन जा म्हणावं. तिचं ऐकू नका. ५.