केस साताऱ्यातच लावता येते

नव्या गाडीत दोष निघाला आणि शोरूम दाद देत नसेल तर "कंपनीचं ऑफिस चेन्नईला, मग केस तिकडंच लावायला लागणार" असं कुणीतरी लिहिलंय. तसं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्यात राहणाऱ्याला साताऱ्यातच. गाडीला मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असली की जिल्हा आयोग पुरतो. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र 2 वर्षं; शोरूमच्या "पुढच्या सर्व्हिसला बघू"मध्ये ती घालवू नका.

माझी गाडी तिसऱ्या महिन्यापासून यवतेश्वर घाटात दुसऱ्या गिअरला थरथरायची. चार खेपा घातल्या, प्रत्येक जॉबकार्डावर (गाडी घेताना शोरूम तक्रार लिहितं तो कागद) 'जनरल चेकअप' एवढंच. पाचव्या खेपेला काउंटरवर उभं राहून माझ्या शब्दांत लिहून घेतलं: 'चढाला क्लच थरथरतो, जळका वास येतो.' मगच सही केली. सगळ्यात मोलाचा कागद तोच, कारण दोष सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर असते. गरज पडली तर आयोग तज्ज्ञाकडून तपासणीही करून घेतो. तोवर गाडी बाहेरच्या गॅरेजला उघडू नका दादा, "बाहेर हात लावला" म्हणून कंपनीवाले मोकळे होतात.