सालीचं औषध काढल्यावर झाड जगतं का?

प्रश्न
नमस्कार मंडळी. हिवतापावर वापरल्या गेलेल्या वनस्पतींबद्दल वाचतेय. बहुतेकांची साल नाहीतर मूळच वापरतात. मग झाड टिकतं कसं? आणि आता गोळ्या असताना ती जपायची कशाला?

उत्तर १
गोळ्या तिथूनच आल्या ना! कोयनेल (क्विनीन), हिवतापावरचं औषध, १८२० मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतूनच वेगळं केलं.

उत्तर २
मी रोपवाटिकेत औषधी झाडंच वाढवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सालीच्या आतल्या अंगाला ओलसर थर असतो. पानांतलं अन्न त्यातूनच मुळांकडे उतरतं. खोडाभोवती पूर्ण कडं सोललं की मुळं उपाशी पडतात, पण पानं बरेच दिवस हिरवी दिसतात. सोलणारा समजतो, झाड ठीक आहे. हे बघून जीव तुटतो.

उभा, अरुंद पट्टा काढला आणि खालचं लाकूड खरवडलं नाही, तर जखम भरून येते. एकोणिसाव्या शतकात निलगिरीत सिंकोनाचे मळे सांभाळणाऱ्या मॅकआयव्हर यांनी सिंकोनाच्या अशा जखमांवर शेवाळ बांधलं आणि नवी साल धरली. बुंध्यापाशी तोडून धुमारे फुटू द्यायचे, हीही लागवडीतली रीत. अँडीजच्या जंगलात मात्र झाडं आडवी करूनच सोलली.

मुळांचं तर त्याहून अवघड. घानात क्रिप्टोलेपिस नावाच्या वेलीची मुळं हिवतापावर देतात. बी धरण्याआधीच वेल उपटली की पुढची पिढीही गेली. तिथे लागवडीला पर्याय नाही.

उत्तर ३
आर्टेमिसिया या हिवतापावरच्या रोपाची तर पानंच लागतात. त्याचा काढा घरीच घेतला तर?

उत्तर २ (पुन्हा)
कृपा करून नको. पानांतलं आर्टेमिसिनिन, म्हणजे मुख्य औषधी द्रव्य, रोपागणिक बदलतं, काढ्यात किती उतरलं ते कळत नाही. अपुऱ्या मात्रेने आजार बळावतो आणि परजीवी औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही अशा वापराला विरोध आहे. ताप आला की आधी रक्त तपासा. आर्टेमिसिनिनच्या ज्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं, त्यातही उकळण्याऐवजी कमी तापमानाला ईथरने अर्क काढणं हीच कळीची गोष्ट होती.

ताई, 'कशाला जपायची' हे राहिलंच. सगळ्या सिंकोनांत कोयनेल सारखं नसतं. १८६५ मध्ये बोलिव्हियातून तिथले स्थानिक सिंकोना-शोधक मानुएल इंक्रा मामानी यांनी गोळा केलेलं बी जावात रुजलं, आणि कोयनेलचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. ती झाडं आधीच तोडली गेली असती, तर ते बी कुठून आणलं असतं?