तिसरीतल्या मुलांचे पाढे : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-२०३ : नमस्कार. एक विचारायचं होतं. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि शाळेत ६ ते ९ चे पाढे सुरू झाले. आमचा मुलगा पाढा घडाघडा म्हणतो, पण मधूनच "सात आठी किती?" विचारलं की गप्प. मग सात एके सात पासून पुन्हा सुरुवात. रोज संध्याकाळी दोघंही रडकुंडीला येऊन राहिलो. काही उपाय सांगा नं.

बी-४०२ : आमच्याकडेही हेच, ताई.

ए-५०१ : मोबाईलमध्ये पाढ्यांचं ॲप टाका. टायमर असतो त्यात, मुलं पटापट उत्तरं द्यायला लागतात.

सी-१०१ : भाऊ, टायमर तेवढा नको. ज्या मुलाला उत्तर अजून शोधावं लागतं त्याच्यासमोर घड्याळ ठेवलं तर तो शोधणं सोडून अंदाज ठोकतो. इतकी वर्षं तिसरी-चौथीला शिकवताना हे फार पाहिलं. वेग शेवटी येऊ द्या.

ताई, तुमच्या मुलाचा पाढा पाठ आहे, पण त्यातल्या उड्या त्याला दिसत नाहीत. थोडे दिवस दुणे-त्रिक बाजूला ठेवा आणि नुसतं टप्प्याने मोजू द्या : ७, १४, २१, २८, ३५. तेही आधी वस्तू हातात घेऊन. सध्या घरोघरी संत्री आहेत. सहा-सहाचे ढीग लावायला सांगा आणि एकेका ढिगावर हात ठेवत मोजू द्या, ६, १२, १८, २४. इथे थांबवून विचारा, ढीग किती झाले आणि संत्री किती? चार ढीग, चोवीस संत्री. सहा चोक चोवीस हे त्याने स्वतः पाहिलेलं असतं, मग ते विसरत नाही.

सुलटं जमलं की उलटं. ७०, ६३, ५६, ४९... नुसत्या चालीवर पाठ केलेला पाढा उलटा म्हणता येत नाही, म्हणून माझी परीक्षा नेहमी हीच असायची. एकोणपन्नासला बहुतेक मुलं अडखळतात, चाळीसच्या घरातलं की पन्नासच्या ते कळत नाही. तिथे शंभराचा तक्ता समोर धरा आणि बोट ठेवू द्या. रागावू नका.

डी-३०२ : काकू, आम्ही दिवेलागणीला बसून तीसपर्यंत पाढे म्हणायचो. वर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीड आणि साडेतीनचे पाढे. कोणी संत्र्यांचे ढीग लावले नव्हते. आताच्या पोट्ट्यांना पाठांतरच नको आहे.

सी-१०१ : काका, पाठांतर हवंच, मी ते सोडा म्हणत नाही. पण तुमच्या लहानपणी रुपयाचे १६ आणे होते, १९५७ साली नवे पैसे आले. पाव रुपया म्हणजे चार आणे, हे वाण्याकडे जाऊन-येऊन तुम्हाला माहीत होतं, त्यामुळे पावकी तोंडात बसताना तिचा अर्थ आधीच कळलेला असायचा. आताच्या मुलांना दुकानात कोणी हिशोब करू देत नाही, मोबाईलवरून पैसे जातात. तो अनुभव आपल्याला घरात मुद्दाम द्यावा लागतो. आणि खरं सांगू, तुम्ही संध्याकाळी खाली बसून मुलांकडून दिडकी म्हणून घेतली तर मला फार आनंद होईल. दीड, तीन, साडेचार, सहा, हेही टप्प्याने मोजणंच आहे.

डी-३०२ : बसतो. पाठवा खाली.

ए-२०३ : काकू, पण मधूनच विचारलं की तो पहिल्यापासून चढतो, त्याचं काय?

सी-१०१ : टप्प्यांचा हाच धोका आहे, आणि बरेच पालक इथेच थांबतात. त्यासाठी दोन मुक्काम पक्के करा : सात पंचे पस्तीस आणि सात दाहे सत्तर. सात आठी विचारलं की पस्तीसवरून तीन उड्या, ४२, ४९, ५६. सात नवे विचारलं तर सत्तरवरून एक उडी मागे, ६३. रोज दहा मिनिटं पुरेत. हळूहळू उड्या गळतात आणि उत्तर थेट येतं. पाचवीतही मूल बोटांवर टप्पे मोजत असेल तर मोठ्या भागाकारात त्याचे हाल होतात, म्हणून त्या गळायलाच हव्यात.

बी-४०२ : मी आत्ताच कागदावर मांडून पाहिलं. १ ते १० च्या पाढ्यांत १०० गुणाकार, पण सात आठी आणि आठ साती एकच धरलं तर ५५. त्यातून १, २, ५ आणि १० चे सोपे काढले की उरतात फक्त २१! मुलीला हे दाखवलं तर तिचा चेहराच खुलला.

ए-५०१ : काकू, टायमर काढला 🙂 पण मोबाईलचा एक उपयोग सापडला. फोन लावायचा कीपॅड उघडा. डावीकडची उभी ओळ खालून वर वाचा : ७, ४, १. मग मधली : ८, ५, २. मग उजवीकडची : ९, ६, ३. शेवटी ०. ७, १४, २१, २८, ३५, ४२, ४९, ५६, ६३, ७० यांच्या एकक स्थानचे आकडे याच क्रमाने येतात. तीनचा पाढा हवा तर उजव्या ओळीपासून वरून खाली या.

सी-१०१ : वा भाऊ! हे मलाही नवीन. मुलांना आधी सांगू नका, शोधू द्या.

बी-२०४ : आम्ही पार्किंगमध्ये खडूने ० ते ६० पट्टी आखली आहे. मुलं चार-चारच्या उड्या मारून लाल खडूने गोल करतात, सहा-सहाच्या निळ्याने. काल धाकटी १२ वर उभी राहून म्हणाली, इथे दोन्ही रंग काहून आले? मग २४, ३६, ४८, ६० तिनेच शोधले. गाडीवाल्यांनो, संध्याकाळी सात वाजेपर्यंत ती जागा मोकळी ठेवा ही विनंती.

बी-४०२ : भागाकारालाही हे चालेल का काकू? मोठी चौथीत आहे.

सी-१०१ : चालेल नं. ४२ भागिले ७ असेल तर ४२ वरून सात-सात मागे यायचं, सहाव्या उडीला शून्य. ४५ असेल तर सहा उड्यांनंतर ३ वर अडकते, पुढची उडी बसत नाही. तीच बाकी. तिला आधी खाली पट्टीवर अडकू द्या, वहीतली मांडणी नंतर.