परभणीत पेट्रोल मुंबईपेक्षा महाग का?

गोदाकाठ:
बदलीमुळे मुंबईहून परभणीला आल्यापासून पाहतो आहे की येथे पेट्रोलसाठी लिटरमागे दोन-तीन रुपये जास्त मोजावे लागतात. राज्य एकच, कंपन्याही त्याच, मग हा फरक कशाचा? सहकारी म्हणतात की तो पैसा रस्त्यांसाठी जातो, पण येथील रस्ते पाहता ते पटत नाही. शिवाय, रस्ता बांधण्याचा खर्चही भागानुसार बदलतो का?

टाकीफुल्ल:
या फरकाचा रस्त्यांशी संबंध नाही. आपल्याकडचे इंधन मुख्यतः मनमाडजवळच्या पानेवाडी येथील डेपोतून येते. मुंबईहून तेथपर्यंत पाइपलाइन आहे, मात्र पुढचे सुमारे तीनशे किलोमीटर टँकरचे भाडे पडते. हे भाडे किमतीत धरले जाते आणि राज्याचा व्हॅट शेकडेवारीने लागत असल्यामुळे त्या भाड्यावरही कर बसतो. १ जुलै २०२४ पूर्वी मुंबई, ठाणे व नवी मुंबईत पेट्रोलवर २६ टक्के आणि उर्वरित राज्यात २५ टक्के व्हॅट होता. म्हणजे कर कमी असूनही परभणीत पेट्रोल महागच होते. त्या तारखेपासून दर सर्वत्र २५ टक्के झाला.

तेरेखोलकाठी:
राज्याची हद्द ओलांडली की अंतरापेक्षा कर भारी ठरतो, कारण पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर आहे आणि प्रत्येक राज्य आपला दर स्वतः ठरवते. एप्रिल २०१२ मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरील व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा भाव लिटरमागे अकरा रुपयांच्या आसपास उतरला आणि आमच्या सिंधुदुर्गातील गाड्या पत्रादेवीपलीकडे जाऊन टाकी भरू लागल्या. इकडच्या पंपचालकांचे काय झाले असेल, ते सांगायला नको.

मुरूमखडी:
रस्त्यांच्या प्रश्नाविषयी लिहितो. सहकाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण केंद्राच्या उत्पादन शुल्कात रस्ते व पायाभूत सुविधा उपकर असतो. मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवरील एकूण १९.९० रुपयांपैकी तो ५ रुपये होता. परंतु तो पैसा केंद्रीय निधीत जमा होतो. परभणीकराने भरला म्हणून परभणीतच खर्च होईल, असे नाही. राज्यांना हक्काचा वाटा मिळतो तो मूळ शुल्कातून, आणि ते तेव्हा होते अवघे १.४० रुपये.

बांधकामाचा खर्च मात्र निश्चितच बदलतो. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ती खोदून काढून मुरमाचा जाड भराव केल्याशिवाय वरचे डांबर टिकत नाही. चांगला मुरूम वा खडी जवळ नसेल, तर वाहतुकीचा खर्च, ज्याला आम्ही ‘लीड’ म्हणतो, अंदाजपत्रक फुगवतो. कोकणात दगड हाताशी असतो, पण घाट फोडणे, जागोजागी मोऱ्या बांधणे आणि पावसामुळे चार महिने काम थांबणे हे सारे त्या दरात येते. कशेडीत तर घाट टाळण्यासाठी बोगदाच काढावा लागला.

गोदाकाठ:
भाड्यावरही कर लागतो, हे लक्षातच आले नव्हते. आभारी आहे.