वहीत सहा कप निघाले

रोज काय खाल्लं याच्या नोंदी ठेवून वजन वगैरे काही कमी होत नाही, असं काही जण म्हणतात. वजनाचं सोडा, पण माझा हिशेब मात्र उघडा पडला. अ‍ॅपच्या वाटेला गेलो नाही. तिथे 'एक वाटी आमटी' लिहिलं तरी कोणाची वाटी, किती पातळ, फोडणीत तेल किती, याचा पत्ता नसतो. साधी वही घेतली.

दोन्ही वेळची जेवणं ठीकच निघाली. घोळ मधल्या वेळात होता: येताजाता तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलाच्या ताटात उरलेलं आणि चहा. मी 'दोन-तीन कप' म्हणायचो, वहीत सहा निघाले. कपाला दोन चमचे साखर, म्हणजे साधारण 8 ग्रॅम. दिवसाला 48 ग्रॅम नुसत्या चहातून! जागतिक आरोग्य संघटना 25 ग्रॅमच्या आसपास थांबलात तर उत्तम म्हणते. मूठ-मूठ म्हणता 50 ग्रॅम दाणे पोटात जायचे, म्हणजे पावणेतीनशेच्या वर कॅलरी.

गंमत म्हणजे, लिहायचा कंटाळा म्हणूनच दोन कप गळाले. तीन आठवड्यांनी वही बंद केली. पाहुण्यांसमोर पुरणपोळ्या मोजत बसलो होतो, बायकोने डोळे वटारले.