कृपा शिकवायची आहे, पण तरुण संघात तक्ता चालतो: सल्ला हवा

गोदाकाठ: सर्वांना सलाम. नाशिकच्या शरणपूर भागातल्या चर्चच्या तरुण संघासाठी विचारते आहे. वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र वाचायचं, रोज तक्त्यावर खूण करायची. दोन महिन्यांत मुलं गळतात, मग उपासनेलाही तोंड चुकवतात. आपण नियमशास्त्राधीन (मोशेच्या आज्ञांच्या बंधनात) नाही, कृपेच्या (देवाच्या, न कमावता मिळणाऱ्या दयेच्या) अधीन आहोत, हे त्यांना कशावरून शिकवू? सहा रविवार आहेत, दर वेळी एक तास.

वडाळाकर: ताई, नव्या करारातलं पौलाचं गलतीकरांस पत्र घ्या. सहाच अध्याय आहेत. पहिल्या रविवारी अख्खं पत्र एका दमात मोठ्याने वाचा, वीस-पंचवीस मिनिटं लागतील. तुकड्यांत वाचलं की पौलाची तळमळ हाती लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या अध्यायाला द्या. ३:२४ मध्ये पौल नियमशास्त्राला 'बालरक्षक' म्हणतो, आणि मुलांना तो शिक्षक वाटतो. तो खरं तर घरचा दास: मुलाला शाळेत नेणारा-आणणारा, शिस्त लावणारा. मूल सज्ञान झालं की त्याचा अधिकार संपला. म्हणून तो वाईट ठरत नाही. हे नीट सांगितलं नाही तर मुलं नियमशास्त्रालाच नावं ठेवतात, आणि पौल तर रोमकरांस पत्रात (रोम ७:१२) त्याला पवित्र म्हणतो.

आता तक्ता. एकूण अध्याय ११८९, म्हणजे रोज सव्वातीन. चार दिवस बुडाले की तेरा अध्यायांची थकबाकी, आणि थकबाकीदार माणूस सावकाराला टाळतोच. ती फेडायला लावू नका. आज जे नेमलंय तेवढंच वाचायचं. तक्ताही भिंतीवरून काढून ज्याच्या त्याच्या वहीत जाऊ द्या.

उपनगरकर: दादा, एवढी ढील दिली तर मुलं मोकाट सुटतील ना?

वडाळाकर: हीच शंका पौलाने रोम ६:१ मध्ये घेतली आहे, तिथून पुढे चौदाव्या वचनापर्यंत वाचा. जोडीला पौलाचं तीताला पत्र, २:११-१२: अभक्तीला नाही म्हणायला कृपाच शिकवते. आणि निर्गम २०, म्हणजे दहा आज्ञांचा अध्याय, काढाल तेव्हा तिसऱ्या वचनापासून सुरू करू नका, सगळे तिथेच घसरतात. दुसऱ्या वचनात देव म्हणतो, मी तुला दास्यगृहातून बाहेर आणलं. सुटका आधी झाली, आज्ञा नंतर आल्या.

जेलरोड: एक भर घालतो. पहिल्या रविवारी चिठ्ठ्या वाटा, नाव न घालता: "आज प्रार्थना चुकली, तर देव माझ्याकडे कसा पाहतो?" चिठ्ठ्या जपून ठेवा. सहाव्या रविवारी तोच प्रश्न पुन्हा द्या आणि दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून वाचा.