जावळासाठी बोकड बाजारातून घ्यायचाय, घोटी की सिन्नर? आणि फसायचं नसेल तर काय बघायचं?

पाथर्डीफाटा_नाशिक

नमस्कार मंडळी. पुतण्याचं जावळ आहे पुढच्या महिन्यात, निफाडकडे मामांच्या मळ्यात करायचं ठरलंय, माणसं १२० च्या आसपास. घरात दोन पार्ट्या पडल्यात. भाऊ म्हणतो नाशिकमधल्या नेहमीच्या दुकानातून मटण आणू, मामा म्हणतात देवाचं कार्य आहे, अख्खा बोकड आणायचा आणि तोही बाजारातून, दुकानातलं मटण म्हणजे काय देवाला दाखवणार. आता मामांचे गुडघे गेलेत त्यामुळे बाजारात जायची ड्युटी माझ्यावर आली, आणि मी आजवर बोकड जवळून बघितला असेल तर तो ताटातच. तर घोटीला जाऊ की सिन्नरला? किती बोकड लागतील? वजन कसं कळतं, कारण म्हणे तिथे काटा नसतो, नगावर सौदा होतो. आणि स्वस्त पडतं का खरंच? भाऊ हाच प्रश्न रोज विचारतोय.

शेळीवाला_सिन्नर

भाऊ, आधी हे सांगतो की घोटीचा शनिवारचा बाजार जुना आणि मोठा आहे पण त्याचं नाव झालं ते बैलांमुळे, डांगी जनावरं तिथे भरपूर, इगतपुरी-अकोले (नगरकडचं) भागातल्या पावसात टिकणारी जात ना ती. शेळ्या-बोकड तिथे मिळतात, नाही असं नाही. पण तुम्हाला फक्त बोकडच बघायचे असतील तर इकडे या, सिन्नरला रविवारी, नाहीतर पुणे रोडला दोडीला शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरतो तिथे. चॉईस जास्त. येवल्याला मंगळवारी असतो, निफाडवरून तोही काही लांब नाही.

उजाडता उजाडता पोचा. दहा वाजता आरामात नाश्ता करून याल तर चांगला माल गाडीत चढलेला असेल. दुपारी भाव उतरतात हे खरंय पण तोवर जे उरतं ते कुणीच का घेतलं नाही याचा विचार करा.

आता वजनाचं. सगळ्यात मोठा खेळ इथेच होतो. बोकडाचं पोट बघून कधीच भाव करू नका. बाजाराच्या आदल्या रात्री मीठ चारायचं आणि सकाळी पोटभर पाणी पाजायचं, बोकड टम्म दिसतो, काट्यावर घातला तरी दोन-तीन किलो पाणीच तोलून घेता तुम्ही. त्यामुळे हात पाठीवर ठेवायचा. कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटं दाबून चाचपायचं, मणक्याची टोकं टोचली तर मांस नाही. मग कमरेवर, मग मांडीचा फरा मुठीत धरून बघायचा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत पण मोजता येता कामा नयेत.

आणि खिशात शिंप्याचा टेप घेऊन जा, लोक हसतील, हसू द्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यायचा सेंटीमीटरमध्ये, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०८४०. उत्तर किलोत येतं. म्हणजे घेर ७० आणि लांबी ६५ असेल तर साधारण २९ किलो. अंदाजच आहे हा, किलो-दोन किलो इकडेतिकडे होतं, पण व्यापारी ‘पस्तीस भरंल सायेब’ म्हणतो तेव्हा आपल्याला गप्प उभं राहायला लागत नाही.

दात बघायचे ते वयासाठी. खालच्या जबड्यात पुढचे आठ दात असतात (वर नसतातच, ते शोधत बसू नका), सगळे बारीक दुधाचे असतील तर वर्षाच्या आतला, मधले दोन मोठे आले की वर्ष सव्वा वर्ष, चार म्हणजे दोनच्या आसपास, आठ जुळले की मग तो पैलवान, बघायला भारी पण शिजवायला नाही. तुम्हाला आठ-दहा महिन्यांचा ते नुकताच दोन दाती झालेला, यातलाच घ्यायचा. बकरी ईदला लोक दोन दाती शोधतात कारण त्यांना वर्ष पूर्ण झालेलाच लागतो, म्हणून ईदच्या आधी त्या मालाचा भाव एकदम चढतो. तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते तेवढं कॅलेंडरात बघून घ्या. आखाडातही तेच. श्रावणात उलटं, पण श्रावणात जावळाचं मटण कोण खाणार म्हणा.

जात म्हणाल तर आपल्याकडे संगमनेरी घरचीच, बहुतेक पांढरी असते, आणि काळा उस्मानाबादी. दोन्हीचं मटण चांगलं. लांब कानांचे उंच सोजत-सिरोही बोकड शोभेला छान दिसतात, त्या देखणेपणाचे पैसे देऊ नका, तो ईदचा बाजार आहे.

खाटीकगल्ली

शेळीवाले दादांनी जे सांगितलं ते बरोबर, मी पुढचं सांगतो कारण आमचा धंदाच तो, तीन पिढ्या.

जिवंत वजनाच्या निम्मं मटण मिळतं असं लोक धरून चालतात, प्रत्यक्षात ४५ ते ४८ टक्के धरा, ५० लागला तर बोकड फारच भरलेला. म्हणजे २५ किलोचे दोन घेतले तर हाडासकट २३ किलोच्या आसपास. आता भावाला हिशोब दाखवा, समजा जिवंत वजनावर ४०० रुपये किलोने पडला, ५० किलोचे २० हजार, २३ किलो मटण निघालं तर किलोमागे ८७० रुपये झाले, वर कापणावळ, टेम्पो, बाजाराची पावती, तुमचं पेट्रोल. दुकानातल्या भावाशी लावून बघा. स्वस्त नाही पडत भाऊ, कुणी म्हणत असेल तर त्याने मुंडी-पाय-वजडी-कलेजी सगळं धरून हिशोब केलाय. ते सगळं तुम्ही खाणार असाल तर मग बरोबरीत येतं. दुकानात दहा बोकडांचं मिक्स मिळतं आणि इथे कुठला बोकड आहे ते तुम्हाला माहितीये, पैसे त्याचे जातात.

एक गोष्ट विचारायला विसरू नका, खच्ची केलेला आहे का अंडील (म्हणजे खच्ची न केलेला). अंडील बोकड वर्षाच्या पुढे गेला की मटणाला उग्र वास मारतो, माजावर असेल तर विचारूच नका, जवळ गेलात तरी कळेल. वर्षाच्या आतला असेल तर अंडील चालतो. म्हातारा बोकड गळ्यात मारायला बघतात, ‘देवाला असाच लागतो’ म्हणून. तुमच्या घरात तसा नियम असेल तर मामांना विचारा, व्यापाऱ्याला नको.

आणि भाकड शेळी बोकडापेक्षा बरीच स्वस्त मिळते म्हणून मोह होतो, नका घेऊ, निबर असते. वर ती गाभण निघाली तर जेवणाचा मूडच जातो सगळ्यांचा, आणि गाभण जनावर कापायला कायद्यानेही बंदी आहे.

कापायचं म्हणाल तर मळ्यात करताय ते बरंय. पाथर्डी फाट्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये वगैरे कुणी सुचवलं तर ऐकू नका, शहराच्या हद्दीत परवाना असलेला कत्तलखाना सोडून कापता येत नाही, २००१ चे नियम आहेत. मळ्यावर गावातला खाटीक किंवा मुलाणी येतो, त्याला आठ दिवस आधी सांगून ठेवा, रविवार असेल तर जास्तच आधी. कातडं त्याला द्यायचं की पैसे वेगळे द्यायचे ते आधी बोलून घ्या.

मखमलाबादची_सून

सगळे पुरुष बोकडाच्या दातात अडकलेत, जेवायला किती बसणार ते कुणी विचारलंच नाही!

दादा, १२० मधले माळकरी किती? निफाडकडची मंडळी म्हणजे वीस-पंचवीस तरी असतील, शिवाय सोमवार गुरुवार शनिवार पाळणारे वेगळे. वार कोणता धरलाय? रविवार असेल तर ठीक. खाणारी ९५ धरा. माणशी पाव किलो कच्चं मटण धरलं तर २४ किलो झालं, लहान मुलं कमी खातात आणि मामांचे मित्र जास्त, त्यामुळे फिट्टंफाट. म्हणजे २५ किलोचे दोन, खाटीकदादांनी सांगितलं तसे. ५० चा एक मोठा घेऊ नका, तो जून असणार, बाहेरून शिजलेला वाटतो आणि आतून वातड, मग पंगत खोळंबते. माळकऱ्यांसाठी वेगळी चूल आणि वेगळी वाढपी, हे आधी ठरलं नाही तर त्या दिवशी आत्याबाई रुसतात, हे मी लिहून देते.

आणि बायकांनी बाजारात जाऊ नये असं काही नाही बरं का. मी सासऱ्यांबरोबर जाते. भाव तेच करतात पण बोकड मी निवडते. माणसं बघतात दोन मिनिटं, मग आपल्या कामाला लागतात. पायात चपला नको, बूट घाला, आणि पांढरी पँट घरी ठेवा.

शेळीवाला_सिन्नर

ताई 😄 पांढऱ्या पँटचं खरंय.

भाव करण्याबद्दल राहिलं. बैलबाजारात तुम्ही बघाल उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून सौदा चाललेला असतो, बाजूच्याला आकडा कळू नये म्हणून. बोकडाला बहुतेक तोंडीच चालतं. पण मध्ये एक माणूस येतो, ना तुमचा ना त्याचा, ‘अहो दोघांचं राहू द्या’ म्हणून तुमचा हात त्याच्या हातात देतो. तो दलाल. त्याचे पैसे तुमच्याच भावात असतात. आपण शांतपणे हात काढून घ्यायचा, एक चक्कर मारून यायचं. शेतकऱ्याच्या हातात दोरी असेल आणि एक-दोनच बोकड असतील तर थेट त्याच्याशी बोला, हेड्याकडे (जनावरांच्या व्यापाऱ्याकडे) वीस बांधलेले असतात, कुठले कुठले गोळा केलेले. शेतकरी भावात ताठ असतो पण पोटात पाणी भरून आणत नाही, निदान बरेचसे तरी. आवडला की इसार द्या, दोरी हातात घ्या आणि मग उरलेले पैसे. दोरी हातात आल्याशिवाय चहाला जायचं नाही. बाजार समितीची पावती घ्याच, रस्त्यात कुणी अडवलं तर तीच दाखवायची.

पशुसेवक_दिंडोरी

थोडं माझ्याकडून. खालची पापणी ओढून बघा, आतून गुलाबी-लाल हवी, पांढरट असेल तर जंतांनी पोखरलेला. शेपटीखाली घाण चिकटलेली, नाकातून शेंबूड, तोंडाभोवती खपल्या, लंगडणं, यातलं काही दिसलं तर पुढे चला. बसलेला असेल तर उठवा, चालवा, शेजारचा चारा टाकून बघा खातो का, रवंथ करतो का. पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा साथीचा रोग) आला की ताप, हगवण, नाकाडोळ्यातून पाणी असं सगळं एकदम दिसतं आणि बाजारातूनच तो गावात येतो, त्यामुळे मामांच्या मळ्यात आधीच्या शेळ्या असतील तर नवीन बोकड त्यांच्यात सोडू नका, लांब बांधा, बादलीही वेगळी. कानात पिवळा बिल्ला असेल तर १२ आकडी नंबरचा फोटो काढून ठेवा.

पाय बांधून गाडीच्या डिकीत किंवा मोटारसायकलवर आडवा टाकून आणू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात ते बसतं, आणि कायदा सोडा, तो तसा घाबरत दमत आला आणि लगेच कापला की मटण काळपट आणि चिवट होतं. छोटा हत्ती करा, खाली गवत टाका. आदल्या दिवशीच आणा, सावलीत बांधा, रात्रीपासून चारा बंद पण पाणी भरपूर.

पाथर्डीफाटा_नाशिक

बाप रे, एवढं. सगळ्यांचे आभार. रविवारी सिन्नर नक्की, पण जावळही रविवारीच आहे, म्हणजे आधीच्या रविवारी आणून आठवडाभर बांधायचा का? आणि मामी म्हणतात वजडी मी साफ करणार नाही, आधीच सांगून ठेवलंय.

शेळीवाला_सिन्नर

आठवडा आधी आणला तर उलट बरं, पोटातलं पाणी उतरतं, आजारी असेल तर तीन-चार दिवसात कळतं, लसूणघास आणि थोडा मका घातला तर अंगावर राहतो. मामांच्याकडे कुणी चारा टाकणारं आहे ना मग झालं. फक्त घरातल्या लहान पोरांना नाव ठेवू देऊ नका त्याचं.

मखमलाबादची_सून

मामींचं बरोबर आहे, दोन बोकडांच्या वजड्या म्हणजे अर्धा दिवस जातो. खाटकालाच सांगा, वेगळे पैसे घेऊन करून देतो. कडकडीत पाण्यात बुडवून चुना लावून खरवडायची असते, पाणी फार वेळ उकळत ठेवलं तर वरचं काळं निघतच नाही. आणि काळा मसाला घरचा असेल तर चार दिवस आधी मळ्यावर पोचवा, ऐन वेळी निफाडच्या बाजारातून आणला तर मामी तेही ऐकवतील.